उजेडात नेलेली शाल

कायद्याच्या लेखी ती घटना घडलेलीच नाही. मला मात्र ती आजही लख्ख आठवते.

न्यू जर्सीत मी पोलीस खात्यात होतो. एका दुपारी कपड्यांच्या दुकानातून फोन आला, की एक बाई पैसे न देता शाल घेऊन दाराबाहेर गेली आहे. सहकाऱ्याने तिला अटक करून ठाण्यात आणलं. ‘शाल बाहेर नेली का?’ या प्रश्नाला ती घाबरून ‘यस, यस’ म्हणाली. झालं, त्याच्या मते तो कबुलीजबाब! बाई मराठी निघाल्या म्हणून चौकशी माझ्याकडे आली.

“काका, ट्यूबलाइटमध्ये शेडच कळत नव्हती हो. मोरपंखी की निळी, ते उन्हात बघत होते. माझी आई नेहमी तसंच करायची.”

माझीही आई दुकानाच्या पायरीवर नेऊन बघितल्याशिवाय साडी घ्यायची नाही. पण आईची आठवण हा काही पुरावा नव्हे. मी दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं. बाई पर्स आणि गाडीची किल्ली काउंटरवर ठेवून बाहेर गेल्या होत्या. किल्ली मागे ठेवून कुठला चोर पळतो? कोर्टाने केस डिसमिस केली.

दोनेक वर्षांनी त्या पुन्हा आल्या, रडवेल्या. शाळेत मदतनीस म्हणून नोकरी मिळत होती, पण पूर्वीच्या नोंदींच्या तपासणीत अटक दिसली आणि सगळं अडलं.

“केस डिसमिस झाली ना काका? मग रेकॉर्ड क्लीन, असंच आम्ही धरून चाललो.”

आपली माणसं इथेच फसतात. केस सुटली तरी अटकेची नोंद आपोआप जात नाही. त्यासाठी कोर्टाचा वेगळा आदेश लागतो. आदेश झाला तरी नोंद फाडत नाहीत, वेगळी काढून बंद ठेवतात. पुढे बहुतेक नोकऱ्यांत ‘अटक झाली नव्हती’ असं सांगता येतं; पोलिसांनीही विचारणाऱ्याला ‘नोंद नाही’ असंच सांगायचं असतं. व्हिसा, ग्रीन कार्डासाठी मात्र ती सांगावीच लागते.

“पुन्हा कोर्ट? नको, लोकांना कळेल. जाऊ दे ना काका.”

“अजिबात जाऊ द्यायचं नाही,” मी ठणकावलं. “न केलेली चोरी जन्मभर का वागवायची?”

त्यांनी अर्ज केला. आदेश आल्यावर त्यांची फाइल मी स्वतः कुलपात ठेवली. माणूस सुटला म्हणजे आपलं काम संपलं, असं मी तोवर समजत होतो. त्याच्या नावावरचा डाग निघाला का, हे बघायला मला या बाईंनी शिकवलं.

पुढे शाळेसाठी तपासणी करणाऱ्यांचा ठाण्यात फोन आला. या नावावर काही आहे का?

“काहीही नोंद नाही,” मी म्हणालो. कोर्टात शेकडो साक्षी दिल्या, पण इतक्या ठाम आवाजात एकही नाही.