एकशे सतरा नंबरचं औषध

निवृत्त झाल्यावर घरी साठलेल्या फायली मी रद्दीत दिल्या. किस्से मात्र रद्दीवाला घेत नाही. ते साचतच जातात आणि कोथरूडच्या बागेत बाकावर टेकलं की मैत्रिणी म्हणतात, "सांग गं एखादा." मलेरियावर नवं औषध शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. औषध काही मिळालं नाही. किस्से घ्या.

* * *

मलेरियाचा जंतू मोठा नखरेल. लॅबमध्ये तो वाढवायचा तर माणसाचंच रक्त लागतं. एकदा ब्लड बँकेतून रक्त आलंच नाही. शेखभाई, आमचे टेक्निशियन, तीन पिढ्यांचे पुणेकर, ओ पॉझिटिव्ह. त्यांनी सरळ बाही वर केली. त्या आठवड्यात जंतू असे फोफावले की मी म्हटलं, "शेखभाई, तुमचं रक्त मानवलं हो त्यांना."

"मानवणारच," ते म्हणाले. "घरचं आहे."

* * *

या जंतूंचं खाद्य रोज बदलावं लागतं. रविवार असो, दिवाळी असो, कोणाला तरी जावंच लागायचं, आणि बहुतेक वेळा मीच जायची. मुलगी तिसरीत असताना तिने 'माझी आई' हा निबंध लिहिला. "माझी आई रोज मलेरियाला जेवू घालते. मला आजी जेवू घालते."

खाली बाईंनी लाल पेनाने 'सुंदर' असा शेरा दिला होता. ती वही मी जपून ठेवली आहे. मुलीला दाखवायचं धाडस अजून झालेलं नाही.

* * *

आमच्या एकशे सतरा नंबरच्या संयुगाने उंदरांच्या रक्तातला मलेरिया चार दिवसांत साफ केला. मी स्लाइड तीन-तीनदा पाहिली, मग अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. पुढच्या चाचण्यांत त्याच औषधाने उंदरांचं यकृत खराब झालं. एकेक करून उंदीर गेले. मी रिपोर्ट लिहायला बसले.

शेखभाई दारात आले. "मॅडम, मलेरियाने मेले नाहीत, एवढं तरी लिहा."

तेही मी लिहिलं.

* * *

वैशाली माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, गडचिरोलीची. मलेरिया तिने पुस्तकाआधी घरात पाहिला होता. धाकटा भाऊ त्यातच गेला होता. एकशे सतरा फसल्यावर ती एक कागद घेऊन माझ्याकडे आली. त्यावर रेणूची आकृती होती आणि तिचा एक कोपरा पेन्सिलने खोडलेला.

"मॅडम, हा भाग काढून बघू या? यकृताला त्रास याचाच होत असणार. मला तीन महिने द्या."

प्रकल्पाची मुदत संपत आली होती. खरं सांगायचं तर पुन्हा तोंडघशी पडायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "आधी थिसिस पूर्ण कर."

तिने थिसिस लिहिला, पदवी घेतली आणि संशोधन सोडलं. वारज्यात दहावीचे क्लास काढले.

गेल्या वर्षी परदेशातल्या एका गटाचा पेपर माझ्या वाचनात आला. औषध आमच्याच संयुगाचं भावंड, फक्त तो कोपरा काढलेला. उंदीर ठणठणीत. माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या होत्या. मी प्रिंट काढली, स्कूटर काढली आणि वारज्याला गेले.

वर्ग चालू होता. दारातूनच मी म्हटलं, "वैशाली, तुझं बरोबर होतं. ते तीन महिने मी तुला द्यायला हवे होते."

तिने खडू खाली ठेवला, माझ्या हातातली प्रिंट घेतली आणि उभ्या उभ्याच पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला. पहिल्या बाकावरच्या मुलीने वही उघडली. "टीचर, हे परीक्षेला आहे?"

"माझ्या वेळी नव्हतं," वैशाली म्हणाली. "तुमच्या वेळी असेल कदाचित."

मग स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवून तिने खडू उचलला.