चेहऱ्याला हात नसतात

विश्रामगृहातल्या खाटेवर ज्योत्स्ना नान्हे नुसती पाठ टेकवते. झोपणार नाही, असं तिनं बाहेर बजावून ठेवलंय. सकाळपासून दोन सभा झाल्यात, जेवण उशिरा झालंय, आणि संध्याकाळी नागपूरला आघाडीची बैठक आहे. तिथं तिला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचंय: राज्यसभेवर जायचं, की इथं मुख्यमंत्रिपदाचा चेहरा व्हायचं?

त्या उत्तरावरून व्हरांड्यात भांडण चाललंय. कवडूजी म्हणजे श्रमिक पक्षाचे जुने सरचिटणीस. ज्योत्स्नाला राजकारणात आणलं ते त्यांनीच. त्यांचं म्हणणं, राज्यसभा घ्यावी. "सहा वर्षं कोणी हलवत नाही. देशभरातल्या मच्छीमारांसाठी बोलता येईल. इथं मुख्यमंत्रिपदाचा चेहरा म्हणून उभं करतील, आणि हरलो की खापर आपल्याच बाईच्या डोक्यावर."

"आणि जिंकलो तर?" हा दुर्गाचा आवाज. दुर्गा तिची नणंद, तळ्यातळ्यांवर मासे धरणाऱ्या बायांचा संघ चालवते. "तळ्यांचे ठेके कोणाला द्यायचे, ते दिल्लीत ठरते का, कवडूजी? वहिनीनं इथंच लढावं."

पंखा कुरकुरतो. बाहेरचे शब्द हळूहळू वितळतात, एकमेकांत मिसळतात, आणि मासेमारीच्या डोंग्याखाली पाणी लपलपावं तसा नुसता आवाज उरतो.

समोरच्या वेताच्या खुर्चीत टेंभरेजी बसलेले आहेत.

टिकाराम टेंभरे. चार वेळा आमदार. ज्योत्स्नानं पहिल्याच निवडणुकीत त्यांना पाडलं, आणि दोन वर्षांत ते वारले. त्यांच्या अंत्ययात्रेला ती पायी गेली होती. हे सगळं तिला आत्ता स्वच्छ आठवतंय, तरीही ती पदर सावरून उठून बसते. मोठं माणूस समोर आलं की बसायचं कसं, ते शरीरच ठरवतं.

"बस, बस," टेंभरेजी म्हणतात. "जेवलीस का?"

"जेवले. तुम्ही?"

"मले आता काय जेवण." ते हसतात. जिवंतपणी त्यांच्या हसण्यात एक तिरका काटा असायचा. भरसभेत ते तिला 'ही पोट्टी' म्हणायचे आणि लोक खिदळायचे. तो काटा आता दिसत नाही.

तिच्या मनात कितीतरी दिवस अडकलेलं बाहेर येतं. "निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या दारात आले होते. पाया पडायला. तुम्ही दार उघडलं नाही."

"बनियनवर होतो, बाई."

"एवढंच?"

"हरलेल्या माणसाले शर्ट घालाले वेळ लागते. घालेपर्यंत तू निघून गेलतीस."

तिला हसू येतं. ती खाटेवरून पाय खाली सोडते. खाली फरशी नाही. मतमोजणीचं गोदाम आहे, जाळीच्या पलीकडे टेबलं मांडलेली, माणसं फेऱ्यांचे आकडे पुकारताहेत. पण आकड्यांऐवजी ते माशांची नावं घेताहेत. बोटरा, दाढक, वाडिस, मरळ. कोणालाच नवल वाटत नाही. टेंभरेजी जाळीला हात लावून उभे आहेत, निकालाच्या दिवशी उभे होते तसेच.

"कवडू काय म्हणते?" ते विचारतात.

"राज्यसभा."

"बरोबरच म्हणते. त्याचा जीव आहे तुझ्यावर. तुले मार बसू नये असं त्याले वाटते. तुले काय वाटते?"

उत्तर तिला माहीत आहे. गेले चार दिवस ते तिच्यासोबत जेवतंय, झोपतंय. उत्तराची तिला भीती नाही, त्याच्या मुळाची आहे. ते शेवटी ती बोलून टाकते. "मला राज्य चालवायचंय, टेंभरेजी. जमेल मला. पण ही माझी भूक तर नाही ना? कधीकधी शंका येते."

"भूकच आहे."

ती चमकून पाहते.

"भूक नसलेल्या बाईच्या हाती कोणी चूल देते का?" टेंभरेजी म्हणतात. "मीठ जास्त झालं तर लोक सांगतीन. तू आयकशीन का, तेवढं पाहा."

ते चालू लागतात आणि ती मागून निघते. गोदामाचं दार मंत्रालयाच्या लांबलचक मार्गिकेत उघडतं. तिथं घोट्याएवढं पाणी आहे. दोन्ही बाजूंच्या दारांवर पितळी पाट्या, आणि पाट्यांखालून कमळाची पानं तरंगत चाललीत. फायली काखेत मारून कारकून पाण्यातून सावकाश जातायेत. कोणी साडी वर धरलीय, कोणी चपला हातात घेतल्यात. मार्गिकेच्या टोकाला भिंतीवर पोस्टर आहे. त्यावर टेंभरेजींचा तरुण चेहरा, केस काळेभोर.

"मले बी एकदा चेहरा केलं होतं," ते सांगतात. "पूर्ण विदर्भात लावलेले हे. मी फिरलो, घसा बसेपर्यंत बोललो. तिकिटं मात्र वाटली दुसऱ्यांनी. निवडून आले ते त्यांचे लोक, मंग खुर्ची बी त्यांचीच झाली. मले महामंडळ दिलं."

पोस्टरवर मानेपर्यंतच माणूस आहे. खाली कोरा कागद.

"चेहऱ्याले हात नसतात, बाई. तू जाशीन तर हात मागून घे. आज, बैठकीतच. गुलाल उधळल्यावर कोणी काई देत नाई."

"म्हणजे उमेदवार ठरवायच्या समितीत जागा."

"जागा नाही. अध्यक्षपद."

"ते देणार नाहीत."

"मंग त्यांले चेहरा कुठून भेटन?" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत जुनी, कसलेली लबाडी लुकलुकते. पूर्वी तिला या लबाडीचा राग यायचा. आज तीच लबाडी आपल्या बाजूनं उभी आहे, हे पाहून तिला ऊब वाटते.

ते दोघं डोंग्यात बसलेत. मार्गिका कुठंच नाही. चहूकडं तळं, पलीकडं धानाचे बांध, ऊन कलतं झालेलं. टेंभरेजी वल्हं मारताहेत. त्यांनी उभ्या जन्मात कधी वल्हं धरलं नसेल, पण डोंगा सरळ चाललाय.

"आणि हरले तर?" ती विचारते.

"मंग शर्ट लवकर घालजो. लोकाले दारात ताटकळत ठेवू नको."

"बस?"

"बस. मले ते जमलं नाही."

पाण्यावर शिंगाड्याची वेल दाट पसरलीय. टेंभरेजी वाकून एक शिंगाडा तोडतात आणि तिच्या पुढ्यात धरतात. हिरवा, ओला, दोन्हीकडे टोकदार.

"सांभाळून," ते म्हणतात.

ती जरा जास्तच घाईनं घेते.

"वहिनी! ओ वहिनी!" दुर्गा दार वाजवतेय. "गाडी लागली."

ज्योत्स्ना डोळे उघडते. पंखा, खाट, समोर रिकामी खुर्ची. खिडकीत ऊन उतरलंय. ती तोंडावर पाणी मारते, केस बांधते आणि बाहेर येते.

कवडूजी कठड्याला टेकून उभे आहेत. चेहरा ओढलेला. "मी पुन्हा एकदा सांगतो, ज्योत्स्ना…"

"कवडूजी, तुम्ही मला राज्यसभा सुचवलीत ती मायेनं, हे मला कळतं. पण मी लढणार आहे." तिचा आवाज तिलाही स्थिर वाटतो. "आणि नुसता चेहरा म्हणून नाही. उमेदवार ठरवणाऱ्या समितीचं अध्यक्षपद आपल्याकडे हवं. हे आज, बैठक सुरू होतानाच मांडायचं. तुम्ही मांडायचं. तुमच्याइतकं कोणाला येत नाही."

कवडूजी चष्मा काढून पुसतात. "नाही म्हटलं तर?"

"तर त्यांनी दुसरा चेहरा शोधावा. मी माझ्या मतदारसंघातून लढेन, आणि प्रचाराला तळ्यातळ्यावर जाईन."

"हे तुला झोपेत सुचलं?"

"कोणीतरी सांगितलं."

कवडूजी हळूच हसतात. "मग पाच-सहा मुद्दे गाडीतच काढू. तू बोल, मी मनात धरतो." ते पायऱ्या उतरू लागतात, आणि त्यांच्या चालीतलं दुपारचं ओझं निम्मं झालेलं दिसतं.

दुर्गा गाडीचं दार उघडून धरते. ज्योत्स्ना आत बसताना दुर्गा तिचा हात पकडते. "वहिनी, हे काय? रक्त येतंय."

ज्योत्स्ना अंगठा उजेडात धरते. अंगठ्याच्या पेरात, कातडीखाली, हिरवट काळं टोक रुतलेलं आहे, आणि त्याभोवती रक्ताचा एक थेंब, ताजा, अजून ओला.

"थांब, सुई आणते," दुर्गा म्हणते.

"राहू दे. आधी नागपूर," ज्योत्स्ना म्हणते, आणि मूठ मिटते.