नलूच्या रुमालातला तुकडा

पाळक जयवंत हिवाळे पावाचं ताट घेऊन रांगेपुढून सरकत होते, एकेकाच्या तळहातावर तुकडा ठेवत होते, आणि मध्येच हिरव्या बांगड्या भरलेला हात पुढे आला. वर बघतात तो काय, नलू! कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. घोडपदेवच्या गणपत परबची बायको.

आता ही बाई चर्चमध्ये नवी नव्हती. गणपतचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून ती दर रविवारी काळाचौकीच्या या मराठी चर्चमध्ये यायची, शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसायची आणि निघून जायची. पण त्या दिवशी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत पाव वाटून खायचा विधी. बाप्तिस्मा झालेल्यांनीच पुढे यायचं, तिथेच गुडघे टेकून खायचं, असा नियम. तिला कोण सांगणार? तिला वाटलं, प्रसाद वाटतायत. बाकीचे उठले, तीही उठली.

पाळकांनी ‘तुम्हाला नाही’ म्हणायला हवं होतं. पण अख्ख्या मंडळीदेखत पसरलेला हात रिकामा परत पाठवायचा? त्यांनी तुकडा ठेवला. नलूने तो कपाळाला लावला, रुमालात गुंडाळला, ‘ह्यांच्यासाठी’ असं पुटपुटली आणि चालू पडली.

त्यानंतरचं गीत पाळकांनी कसं म्हटलं, देव जाणे.

उपासना संपते न संपते तोच चर्चच्या पंचमंडळाच्या सुभद्राबाई समोर हजर. “पाळकसाहेब, मी बघितलं हं. बाप्तिस्मा नाही, काही नाही, आणि तुकडा दिलात? वर तो घरी गेला! मला पंचांपुढे काढावंच लागेल.”

“काढा,” पाळक म्हणाले. सुभद्राबाईंची भीती होतीच, पण खरी धडकी वेगळीच होती. गणपतचा मुलगा हितेंद्र घोडपदेवच्या गणपती मंडळाचा कार्यकर्ता. आणि मागच्याच महिन्यात शेजारच्या गल्लीत, कुणाच्या तरी आजारी आईसाठी प्रार्थना चालली होती, तिथे अशाच मंडळांची पोरं मोबाईल रोखून घुसली होती. धर्मांतर करता काय, म्हणून. तिथल्या पाळकाला दिवसभर पोलीस चौकीत बसवलं होतं. त्यातच गणपत आणि हिवाळे मिळून गणपतच्या चाळीत शनिवारची बैठक चालवायचे. एकाने अभंग म्हणायचा, दुसऱ्याने बायबलमधलं वाचायचं, मग चहा पीत दोन्हीकडच्यांनी खुशाल भांडायचं. गणपत पडला तरी बैठक चालू होती. आता या एका तुकड्यापायी तीही जाणार आणि आपणही जाणार, असं त्यांना वाटू लागलं.

तुकडा गणपतच्या तोंडात जायच्या आत गाठायला हवा, म्हणून ते भरदुपारी घोडपदेवकडे निघाले. वाटेत तोंडातल्या तोंडात घोकत होते, ‘साधा पाव आहे रे हितेंद्र. बेकरीतून आणलेला.’ खोटंही नव्हतं, पाव बेकरीतलाच होता! एवढं बोललं की सगळ्यातून सुटका. पण ज्या पावापुढे आयुष्यभर गुडघे टेकले, त्याला साधा म्हणायचं? तरी रस्ता ओलांडताना ते पुन्हा तेच घोकू लागले.

चाळीच्या गॅलरीत शेजारचे लवूकाका पेपर घेऊन बसले होते. “या फादर,” ते म्हणाले. पाळकाला फादर म्हणत नाहीत, हे चाळीला समजावणं हिवाळ्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. काकांची नजर मात्र पेपरावर नव्हती.

आत खाटेवर गणपत, उशाशी नलू, दाराजवळ हितेंद्र, टीपॉयवर उघडा रुमाल. तुकडा अजून तसाच. पाळकांच्या जिवात जीव आला.

“बरं झालं आलात,” हितेंद्र दबक्या आवाजात म्हणाला. “आईला बोललो, फादरना विचारल्याशिवाय भरवायचं नाही. साधा पाव आहे ना हा? फक्त हो बोला. उद्या कोणी विचारलं तर मला पण सांगता येईल.”

झालं! घोकलेलं वाक्य पोरानेच ताटात वाढून दिलं. पाळक टीपॉयजवळ गेले.

“नाही रे,” ते शेवटी म्हणाले. “साधा नाही. आमच्यासाठी तो प्रभूचं शरीर आहे. खाल्ला म्हणून कुणी ख्रिस्ती होत नाही, पण बाहेरच्या माणसाला आम्ही तो देत नाही. मी द्यायला नको होता. माझी चूक झाली. मी परत नेतो.”

त्यांनी रुमालाकडे हात नेला.

“हात लावू नका!” नलू एकदम कडाडली. “बाहेरच्या माणसाला? आम्ही बाहेरचे? चतुर्थीला आमच्याकडे मोदक खाता ना फादर? पहिल्या वर्षी तुम्ही म्हणालात, देवाला दाखवलेलं आम्हाला चालत नाही. हे म्हणाले, फादरचे आधी काढून ठेव. आधी! गणपतीला नैवेद्य दाखवायच्या आधी! आमच्यात पोराला सुद्धा तोवर चाखू देत नाहीत. सासू होती तोवर दरवर्षी माझा उद्धार करायची, देवाच्या आधी माणसाला वाढतेस म्हणून. डोळ्यांतून पाणी काढत मी तुमचे पाच मोदक बाजूला ठेवले. तुम्ही वर तूप मागून घेतलंत. तेव्हा कोण बाहेरचं होतं?”

पाळकांचे कान तापले. मोदक वेगळे काढलेले असतात हे त्यांना ठाऊक होतं. ते काढणं या कोकणातल्या बाईला किती जड गेलं असेल, याचा विचार त्यांनी एकदाही केला नव्हता. उलट भाषणांतून ते हे घर कौतुकाने सांगायचे, बघा, इथे माझा नियम कसा पाळतात. लाज वाटली त्यांना. खूप लाज वाटली.

खाटेवरून गणपतचा आवाज आला, एका बाजूने ओढलेला. “दी रे. माका काय एक होऊचा नाय. दी तू.”

हितेंद्रने कपाळावरचा घाम पुसला. “ठीक आहे, द्या. पण थांबा, लवूकाका बाहेर बसलेत. दार लावतो आधी.”

“दार लावू नकोस,” पाळक म्हणाले.

“अहो फादर, कोणी बघितलं तर? वाट लागेल तुमची. माझी पण!”

“लावलंस तर आत काय चाललंय ते लोक मनाने रचतील. आणि लपवण्यासारखं मी काही करत नाहीये. घाबरलोय मात्र खूप, खोटं कशाला बोलू?”

हितेंद्र कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. मग त्याने हात काढला आणि दाराच्या बाजूला सरकला. गॅलरीत लवूकाकांनी पेपर मांडीवर ठेवला होता आणि ते उघड उघड आत बघत होते. पाळक खाटेच्या कडेला बसले, तुकडा उचलला. हात इतका कापायला लागला की तो गणपतच्या ओठांपर्यंत पोचेना. तेव्हा नलूने त्यांचं मनगट धरलं, आणि दोघांनी मिळून त्याला भरवला.