पाच ठिपक्यांवरचा दोरा

त्या वर्षी मी पुण्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे जे वाटलं त्याचं मूळ बहुधा त्यातच आहे.

त्याच्या दोन वर्षं आधी पुण्याच्या दवाखान्यात आईच्या छातीतली कर्करोगाची गाठ काढली होती. एका बाजूचा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. मला हे बरंच नंतर कळलं. मुलाला सांगायची ती गोष्ट नव्हती. मग तिचा उजवा हात सुजू लागला. आधी बोटं, मग मनगट, मग कोपराच्या वरपर्यंत. गावातले म्हणाले, हत्तीरोग. डॉक्टर म्हणाले, हातातलं पाणी काखेतून वाहून जायच्या वाटाच बंद झाल्यात.

"तीन महिने हात उंच ठेवा, पट्टी बांधा, दर आठवड्याला जाडी मोजा. सूज वाढतच गेली तर कातडीखालचा सुजलेला भाग कापून काढू. पण खात्री झाल्याशिवाय सुरी लावणार नाही."

मोजायचं काम मी मागून घेतलं. शिंप्याची टेप आणली, वही आखली. दर शनिवारी एस.टी.ने पौडला उतरायचो, तिथून चालत घरी, आणि वहीत इंच लिहायचो. आई हात माझ्यापुढे करायची, पण बोलायची वहिनीशी. पट्टी वहिनी बांधायची, वेणी वहिनी घालायची, भाकरी वहिनी कुस्करून द्यायची. डोंगरातल्या वाडीतून आलेली, एक अक्षर न शिकलेली ती, आणि माझी आई तिला "पोरी" म्हणायची. मला नुसतं "आलास व्हय?"

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी वही पाहिली. "एका आठवड्यात दोन इंच वाढ, पुढच्या आठवड्यात दीड इंच कमी? मोजलंत नेमकं कुठे?"

जिथे जाड दिसेल तिथे मी टेप लावत होतो.

वहिनीने पदराची गाठ सोडून एक दोरा काढला. आईच्या मनगटाच्या वर पाच ठिपक्यांचं गोंदण होतं. दर आठवड्याला त्याच ठिपक्यांवरून तिने हा दोरा फिरवला होता आणि टोक जिथे भिडेल तिथे गाठ मारली होती. डॉक्टरांनी दोरा ताणून पाहिला. प्रत्येक गाठ आधीच्या गाठीच्या पुढे.

"शस्त्रक्रिया करावी लागेल," ते म्हणाले. मग वहिनीला, "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कुनी न्हाई. भावजींची टेप दर खेपंला येगळीच जागा धरायची, म्हनून."

आई हसली. डॉक्टरांच्या प्रश्नापेक्षा ते हसू मला जास्त लागलं.

कापताना गोंदण जाईल, हे कळल्यावर मात्र आई अडून बसली. "मेल्यावर समदं हितंच ऱ्हातं. गोंदण तेवढं संगं येतं. मी न्हाई कापून घ्यायची."

बाहेरच्या बाकावर मी तिला पुस्तकातलं शरीरशास्त्र समजावू लागलो. आई ऐकत होती माझं, बघत होती वहिनीकडे.

"आत्याबाई," वहिनी म्हणाली, "डाव्या हातावर बी पाच हायेत की. देव काय दोन्ही हात तपासून घेतुया व्हय?"

"लई शानी हायेस," म्हणत आईने कागदावर अंगठा दिला.

तिचा हात सुजेतून सुटेल, एवढंच मला तेव्हा वाटायला हवं होतं. मी कागद धरून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, हे मला का नाही सुचलं.

शस्त्रक्रिया झाली. कोपरापासून मनगटापर्यंत टाक्यांची रेघ, हात पुष्कळ बारीक. ठिपके गेले होते. सूज पुन्हा चढू शकते, मोजत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. लिहायला संकोच वाटतो, पण मला बरं वाटलं. आता वहिनी दोरा कुठे धरणार?

तिने कोपराच्या हाडाखाली चार बोटं टेकवली. "हितनं."

मीही माझी चार बोटं ठेवून पाहिली. जागा खाली सरकली.

"तुमची बोटं जाड हायेत, भावजी."

"तिचीच धर रे," आई म्हणाली. "पुन्यांदा घोळ नको."

टेप माझ्या खिशात होती. त्या चार बोटांचे इंच करता आले असते, पण तेव्हा ते ध्यानातच आलं नाही. मी वहीचं नवं पान काढलं आणि वर लिहिलं : कोपराखाली चार बोटं, वहिनीची.

"काय लिवलं, भावजी?" तिने विचारलं.

"तारीख," मी म्हणालो.