दोनदा थोपटलं होतं

...तर गालावर अशा सात चिरा घेऊन सोफावाला घरी आला आणि बायकोनं दारातच विचारलं, "आज पण दाढीच केली, की मांजराशी भांडलात?"

"नवा हात आहे त्याचा. बसेल हळूहळू."

"तोवर गाल उरायला हवेत ना!"

पण त्या चिरा कशा पडल्या ते कळायला काही महिने मागं जायला हवं. सोफावाला म्हणजे जुन्या खुर्च्या-सोफ्यांवर नवं कापड चढवणारा. तीस वर्षं जाड कापड ताणून बोटं अशी झालेली, की बरणीचं झाकण अडलं की शेजारीण थेट त्यालाच हाक मारी. पोट सुटलं म्हणून लेकीनं त्याला कुस्तीच्या क्लासात घातलं. ही कुस्ती उभ्यानं खेळायची नव्हे बरं का. गादीवर लोळायचं, अंगाला अंग भिडवायचं आणि समोरच्याचा हात नाहीतर मान पेचात धरून त्याला हार मानायला लावायचं. नियम एकच. शिकवणाऱ्या बाई रोज बजावत, "जोडीदारानं दोनदा थोपटलं की सोडायचं. लगेच. विचार घरी जाऊन करा."

जोडीदार मिळाला तो त्याच्या दुकानासमोरचा सलूनवाला, वीस वर्षांपासूनचा दोस्त. अंगानं काडी, पण गादीवर सरपटायला लागला की पाल बरी. तीन महिने त्यानं सोफावाल्याला रोज लोळवलं, आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांपुढं त्याची साग्रसंगीत कथाही लावली. "काल यांच्यावर बसलो होतो. स्प्रिंगा अजून चांगल्या आहेत हो!" सगळं सलून हसे. सोफावालाही हसे, पण ते हसू घशाच्या खाली उतरत नसे.

आणि एका मंगळवारी सलूनवाल्याचा उजवा हात त्याला सापडला. दंड दोन्ही मांड्यांमध्ये, मनगट छातीशी, कोपर ताणलेलं. सलूनवाल्यानं त्याच्या मांडीवर थोपटलं. एकदा. दोनदा. सोफावाल्याला दोन्ही वेळा नीट कळलं. पण डोक्यात त्या स्प्रिंगा वाजत होत्या. त्यानं कापड ताणावं तसा तो हात अजून जरासा ताणला.

कोपरात कट् झालं.

बाई धावत आल्या. सलूनवाला पांढराफटक पडलेला, तरी तोच म्हणाला, "त्याचं काही नाही बाई, माझंच चुकलं. थोपटलं ते त्याला लागलंच नसणार."

"तुमचा हात हलकाच," कुणीतरी म्हणालं. "गिऱ्हाईक खुर्चीत घोरतं, दाढी होऊन जाते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सोफावाल्यानंही डोलावली. ती डोलावलेली मान मग त्याला कुठंही स्वस्थ बसू देईना. कापड बेतताना कात्री वाकडी जाई, घास तोंडात फिरत राही.

सलूनवाल्याचा उजवा हात गळ्यात अडकवलेला. डाव्या हाताच्या वस्तऱ्याखाली बसायला कोण तयार होणार? सोफावाला बसला. रोज सकाळी, दाढी वाढलेली असो की नसो. एकेक चीर पडली की त्याला तेवढ्यापुरतं बरं वाटे.

सात चिरांच्या दुसऱ्या सकाळीही तो बसला. साबण लावता लावता सलूनवाला म्हणाला, "मी क्लास सोडतोय रे. हात बरा झाला तरी नाही जाणार."

"का?"

"ज्याला धड थोपटता येत नाही, त्यानं गादीवर जाऊ नये. उद्या दुसऱ्या कुणाच्या जिवाला माझ्यापायी असा घोर लागायचा. तू बघ ना कसा वाळलायस." मग वस्तरा बाजूला ठेवून त्यानं डाव्या हातानं सोफावाल्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. "खरं सांग, एवढं तरी कळतं का?"

आरशात साबण फासलेलं तोंड दिसत होतं. वीस वर्षं त्याच आरशात दोघं एकमेकांकडं बघून बोलत आले होते. सोफावाल्यानं मान वळवली आणि आरसा सोडून त्याच्याकडं बघत तो म्हणाला,

"कळलं. त्या दिवशीही कळलं होतं, पहिल्यांदाही आणि दुसऱ्यांदाही. तुझ्या त्या स्प्रिंगांचा राग होता, म्हणून सोडलं नाही. क्लास तू सोडू नकोस. आता घे वस्तरा."