एकेक घर

रविवार, सकाळी दहा. रोह्यातल्या एका शाळेचा हॉल, बुद्धिबळाची स्पर्धा. तिसऱ्या पटाशी हजर: बुद्धिबळाचा क्लास चालवणारे सर, पंच आणि मी. सरांच्या मागे त्यांचे विद्यार्थी.

मी खुर्ची ओढली.

"मावशी, पालक बाहेर बसतात," सर म्हणाले.

"मी खेळायला आलेय. यादीत नाव बघा."

पांढरी मोहरी माझी. राजासमोरचं प्यादं एकच घर पुढे सरकवलं.

"पहिल्या चालीला दोन घरं जाता येतं बरं का! कुणी शिकवलं नाही?"

पोरं हसली.

शिकवलं होतं. वडिलांनी, धरमतरच्या मिठागरावर, देशी नियमांनी. त्या खेळात प्यादं एकेक घरच चालतं आणि राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मिळते. "धावलेलं प्यादं मागं येत नाय. दमानं चल गो," ते सांगायचे.

आठवीत, पेणच्या स्पर्धेत, मी राजा उचलला आणि तशी उडी मारली. पंच म्हणाले, चाल चूक. हात लावला म्हणून राजाच हलवावा लागला. उघड्यावर आला, हरले. "मिठागरातला राजा बेडूक असतो वाटतं!" समोरच्या मुलाचे वडील ओरडले. हॉल हसला. मीही हसले. त्याचीच जास्त लाज वाटते.

घरी वडिलांनी विचारलं, "काय झाला गो?"

"बरोबरी."

ते वारले तेव्हाही त्यांना तेच माहीत होतं.

रोह्यात मी हसले नाही. घड्याळ थांबवलं, हात वर केला. "खेळताना बोलायचं नाही, हा नियम सरांनाही आहे ना?"

पंचांनी सरांना ताकीद दिली.

मग वडिलांचीच मांडणी. प्यादी एकेक घर, घोडे त्यांच्या मागे. सर घाईने चालून आले, त्यांचा राजा उघडा पडला. मात. पंच तेव्हा दुसऱ्या पटाशी होते.

मी माझा चालींचा कागद सहीसाठी पुढे केला. सर उठले. "पोरांसमोर सही नको. पंचांना तोंडी सांगतो."

सरांनी सांगितलं तेच फलकावर लागलं: बरोबरी.

मी पंचांकडे गेले. ते म्हणाले, "तुमच्या कागदावर सरांची सही कुठाय? सही आणा, बदलतो."

कागद पिशवीत आहे. पहिल्या चालीपासून मात होईपर्यंत सगळं लिहिलेलं. उद्या कंपनीतली शिफ्ट सुटली की थेट सरांच्या क्लासवर जाणार. पोरं पटाशी बसलेली असतानाच. बरोबरी मी एकदा सांगितली, स्वतःच्या बापाला. आता कुणाचीही ऐकून घेणार नाही.

उद्याच्या यादीत पहिलं काम: सरांची सही. अजून बाकी आहे.