दिनकरभाऊंचं खातं कोण लॉक करतंय?

"सर, भाऊचं खातं पुन्हा लॉक झालं. चार ट्रक गेटवर उभे हायेत."

त्या आठवड्यातला वैशालीचा हा सहावा फोन. मी वाशिमला एका दवाखान्यात शिडीवर चढून वायरी ओढत होतो. खाली उतरलो, लॅपटॉप उघडला, खातं मोकळं करून दिलं. आता तिकडे गेल्याशिवाय सुटका नाही, हे तेव्हाच कळलं.

छोट्या धंद्यांची कॉम्प्युटर नेटवर्क बसवायची आणि सांभाळायची, हा माझा व्यवसाय. शेलूबाजारजवळ हायवेला लागून दिनकरभाऊंचा सोयाबीन साफ करण्याचा प्लान्ट आहे. भरलेला ट्रक बाहेर काढायचा तर गेटपास लागतो, आणि त्याला मंजुरी मिळते ती फक्त भाऊंच्या खात्यातून. नियम भाऊंचाच. दुसऱ्या कोणावर त्यांचा भरवसा नाही.

लॉक होणं म्हणजे काय, तेही सांगतो. पासवर्ड लागोपाठ पाच वेळा चुकला, की सर्व्हर समजतो कोणीतरी कुलपाला किल्ल्या लावून बघतोय. मग तो ते खातं अर्धा तास बंद ठेवतो. त्या अर्ध्या तासात खुद्द मालकालाही आत घेत नाही.

मी पोचलो तेव्हा भाऊ ऑफिसबाहेर येरझाऱ्या घालत होते.

"इंजिनिअर साहेब, कोनीतरी माह्या खात्यात घुसून राह्यलं."

"भाऊ, तुमच्याच हातून पासवर्ड चुकत नाही ना?"

"मी तं त्या वक्ती वावरात होतो! तुमी मालेच विचारून राह्यले?"

मी लॉग काढला. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोण आलं, कधी आलं, कुठून आलं, सगळं त्यात उतरतं. चुकीचे पासवर्ड बाहेरून इंटरनेटवरून येत नव्हते. ते प्लान्टच्या वायफायवरून, एकाच मोबाइलवरून येत होते. कधी सकाळी साडेदहाला, कधी दुपारी चारला, एखाद्या दिवशी अजिबात नाही. आमच्याकडे वायफायलाही प्रत्येकाने आपापल्या खात्याचं नाव आणि पासवर्ड टाकायचा असतो. म्हणजे कोणीतरी भाऊंच्या नावाने वायफायमध्ये शिरायला बघत होतं.

"आतलाच माणूस आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी गिळायला हवं होतं.

भाऊंनी लगेच ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. आत वैशाली बसली होती. गेटपासचं सगळं काम तिच्याकडे. पाच वर्षांपासून जवळच्या खेड्यातून जीपने यायची. भाऊंचा जुना पासवर्ड तिला माहीत होता, कारण भाऊच फोनवरून ओरडून सांगायचे, "टाक माह्या नावानं आन् दे मंजुरी." मी महिनाभरापूर्वी तो पासवर्ड हट्टाने बदलायला लावला होता. नवा तिला माहीत नव्हता. भाऊंचा हिशेब तिथेच जुळला: तीच पासवर्ड टाकून टाकून बघत असणार.

प्रत्येक मोबाइलला एक नंबराचा पत्ता असतो. लॉगमध्ये तो पत्ता मिळतो, मालकाचं नाव मिळत नाही. म्हणून मी म्हणालो, इथे येणाऱ्या सगळ्यांची यादी द्या, एकेक फोन तपासतो. भाऊंनी स्वतः यादी केली. ऑफिस, गेट, मशीन, हमाल, ड्रायव्हर. मी एकूण एक फोन पाहिला. कोणाचाच पत्ता जुळेना. माझं डोकं चालेनासं झालं. फोन प्लान्टवर येतो, सारखं खातं बंद पाडतो, आणि तो फोन इथे कोणाकडेच नाही?

"दुसरा फोन लपवून ठेवला असन तिनं," भाऊ म्हणाले.

संध्याकाळी वैशाली निघाली तेव्हा भाऊंनी तिला गेटवर थांबवलं. हमाल, ड्रायव्हर, सगळे उभे. बॅग तिच्याकडून घेऊन त्यांनी माझ्या हातात दिली. "पाहा साहेब, तुमाले समजते." मी नको म्हणायला हवं होतं. मी चेन उघडली. डबा, छत्री, गोळ्यांची पट्टी, कंगवा. दुसरा फोन नव्हता.

"चोर सापडेपर्यंत कामावर येऊ नको," भाऊ तिला म्हणाले. "दोन दिवसांत निकाल लागला नाई तं मी पोलीस ठाण्यात तुह्यं नाव देतो."

ती रडली नाही. मला म्हणाली, "सर, ठाण्यात नाव गेलं तं मले कोनी कामावर ठेवनार नाई. घरात कमावनारी मी एकटीच हावो." मी काहीतरी गुळमुळीत बोललो. काय बोललो ते आता आठवतही नाही.

पुढचे दोन दिवस खातं एकदाही लॉक झालं नाही.

"पाह्यलं? ते गेली आन् बंद झालं!" फोनवर भाऊंचा आवाज विजयी होता. मलाही पटलं, हे कबूल करतो. त्यांनी ठाण्यात जाण्याचं ठरवलं. मी फक्त एक दिवस मागून घेतला. का मागितला, ते मलाही सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी पावणेअकराला खातं लॉक झालं.

"आता घरून करून राह्यली," भाऊ म्हणाले.

"भाऊ, दोन गावं पलीकडून वायफाय लागत नाही."

आता मात्र मी पूर्ण गोंधळलो. ती होती तेव्हा व्हायचं, ती गेली तेव्हा थांबलं, आणि ती नसतानाच परत सुरू झालं. मी बसून लॉग पहिल्या ओळीपासून वाचला. प्लान्टवर वायफायचे दोन डबे आहेत, एक ऑफिसात, एक गेटपाशी. कोणता फोन कोणत्या डब्याला लागायला बघतो, तेही लॉगमध्ये असतं. सगळे चुकीचे पासवर्ड गेटजवळच्या डब्यावरून आले होते. वैशाली दिवसभर ऑफिसात बसायची. ही ओळ पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होती.

दुसऱ्या दिवशी सव्वादहालाच गेटवर जाऊन उभा राहिलो. साडेदहाला दिनकरभाऊंचे वडील आले. सगळे त्यांना आबा म्हणतात. कडुलिंबाखालच्या खुर्चीवर टेकले, चहा मागवला, बंडीच्या खिशातून फोन काढला आणि बोटाने दाबायला लागले.

"आबा, काय करताय?"

"हे वायफाय लावून राह्यलो बावा. महिन्याआधी आपोआप लागे. आता किती दाबा, लागतच नाई."

"फोन नवा घेतला का?"

"मले कोन नवा देते! दिनकरनं नवा घेतला, त्याचा जुना मले देल्ला. भजनं पाहाले बरा हाय."

फोनमध्ये भाऊंचं नाव तसंच होतं, जुना पासवर्ड तसाच होता. फोन देताना तो कोणी पुसलाच नव्हता. आबांनी पाचदा दाबलं, की जुना पासवर्ड पाचदा जायचा आणि भाऊंचं खातं बंद. मी पत्ता पाहिला. तोच.

"मधले दोन दिवस कुठे होतात?"

"शिरपूरले गेलतो, पोरीकडे. काहून?"

मी भाऊंना गेटवर बोलावलं. फोन दाखवला, यादी दाखवली. त्यांनी यादी वरून खालपर्यंत वाचली.

"आबाचं नाव यादीत कसं लिहू?" शेवटी म्हणाले. "आबा काय स्टाफ हायेत?"

त्यांनी तिथूनच वैशालीला फोन लावला, स्पीकरवर. "उद्यापासून ये. तुह्यं काही नाई त्यात."

"भाऊ, बॅग साऱ्यायसमोर उघडली," ती म्हणाली. "हे भी साऱ्यायसमोरच सांगा. मंग येतो मी."

दुसऱ्या दिवशी हमाल कामाला लागायच्या आधी भाऊंनी गेटवर दोन वाक्यांत सांगितलं. नजर जमिनीकडे होती, पण सगळ्यांना ऐकू गेलं. आबा खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "पोरी, माह्यामुळं झालं." ती त्यांच्या पाया पडली. मग माझ्याकडे वळली.

"आन् सर, तुमी?"

मी भाऊंपेक्षा मोठ्याने म्हणालो, "चुकलो, वैशाली." तेव्हा कुठे ती आत गेली.

गेटपास मंजूर करायचा अधिकार आता तिच्याही खात्याला आहे. तो तिने मागून घेतला. मीही एक नियम केला. फोनची यादी मी स्वतः करतो, आणि सुरुवात मालकाच्या घरापासून करतो. उत्तर लॉगमध्ये होतं आणि मी ते एका बाईच्या बॅगेत शोधलं. वीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस होतो मी तेव्हा.